आयर्लंडातल्या घराचा कौल

आमच्या गावात घराचा पाया खणायच्या आधी देवाला विचारतात, सोयरीक जुळवायच्या आधी विचारतात आणि म्हैस घ्यायची झाली तरी विचारतात. म्हशीच्या बाबतीत देव सहसा चुकत नाही, असं माझे बाबा म्हणतात. विचारायची रीत साधी आहे. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, तुमचं गाऱ्हाणं मोठ्यानं देवाच्या कानावर घालतो आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. याला आम्ही कौल म्हणतो. मी नर्स आहे. पाकळी पडते ती पाणी सुकतं म्हणून, एवढं मला कळतं. पण बाबांसमोर हे बोलायची माझी कधी टाप झाली नाही.

आमचं गाव जोयड्यापासून आत, जंगलात. दिवसाकाठी एक बस, बाकी जीप. आई मी शिकत असतानाच गेली आणि मी एकुलती एक. त्यामुळं लग्न झाल्यावरही मी बाबांपाशीच राहिले. नवरा गणेशगुडीला, काळी नदीत पर्यटकांचे तराफे न्यायचा. मी जोयड्याच्या दवाखान्यात. दोघंही सकाळी बाहेर पडायचो, आणि पोरं दिवसभर आज्जाच्या ताब्यात. मुलगी सहाची, मुलगा तीनचा. बाबा त्यांना घेऊन भाताच्या मळ्यात जायचे, कंद खणायचे, निखाऱ्यात भाजायचे. संध्याकाळी मी आले की दोघांची तोंडं राखेनं काळी आणि पोटं गच्च. मी ओरडायचे. बाबा म्हणायचे, "राखंनं कुनी मेलंय काय आजवर?"

मग मला आयर्लंडात नोकरी लागली. हे मी अशा थाटात लिहितेय जणू ती झाडावरून पडली. खरं तर मी वर्षभर तिच्यामागं होते, परीक्षा दिल्या, दर वेळी बेळगावच्या चकरा मारल्या. बाबांना सांगितलं तेव्हा ते सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "पोरं?" मी म्हटलं, पोरांना ठेवून मी जाणार नाही, गेलो तर चौघं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "देवाला इचारतो." दोन दिवसांनी मळ्यातून येताना अंगणातूनच म्हणाले, "उजवा दिला. जावा." आणि हातपाय धुवायला गेले. निघताना त्यांनी माझ्याकडून एकच शब्द घेतला. तिकडं कुठल्याही घरात राहायला जायच्या आधी कौल घ्यायचा. मी हो म्हटलं. त्या वेळी त्यांनी चंद्र मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

तिकडं गेल्यावर कळलं, नोकरी मिळणं सोपं होतं. घर मिळणं म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही जन्मात कधी भाड्यानं राहिलो नव्हतो. हॉस्पिटलनं सुरुवातीपुरती एक खोली दिली होती, ती ठरल्या दिवशी सोडायची. चौघं एका खोलीत. मुलगा पलंगावर उडी मारायचा आणि खालून कुणीतरी काठीनं छत ठोकायचं. आमच्या पगारात बसेल असं घर बघायला गेलं की दाराबाहेर लग्नाच्या पंगतीला असावी तशी रांग. आत जाऊन दहा मिनिटांत बघायचं, बाहेर येऊन नाव द्यायचं आणि आधीच्या घरमालकाचं पत्र दाखवायचं की ही माणसं नीट राहतात. आमचा आधीचा घरमालक म्हणजे बाबा. नवरा म्हणाला, "त्यांच्याकडून घेऊया की. लिहितील, पोरं राखेनं तोंड काळं करून घेतात, बाकी बरी आहेत."

हसलो खरं, पण त्या हसण्यात दम नव्हता. नवऱ्याला अजून काम लागलं नव्हतं. खोलीची मुदत संपेपर्यंत घर मिळालं नाही तर काय करायचं ते आमचं ठरलेलं होतं. मी हॉस्पिटलमधल्या दोघीजणींच्या खोलीत अंग टाकायचं, आणि त्यानं पोरांना घेऊन गावी परत जायचं. कधीपर्यंत, ते आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो. बाबांनाही हे सांगितलं होतं. फोनवर ते फक्त "बरं" म्हणाले.

पहिलं घर पसंत पडलं ते शुक्रवारी. कौल एरवी सोमवारीच लावतात. शिवाय बाबांच्या फोनला रेंज मिळायला बसथांब्याच्या वरच्या टेकाडावर चढावं लागतं. सोमवारी त्यांनी धापा टाकत फोन केला, "उजवा हाय गो बाय!" तोवर त्या घरात दुसऱ्यांचं सामान येऊन पडलं होतं. मी फार चिडले. घर दाखवणाऱ्या एजंट बाईला काय सांगणार? आमचा देव फक्त सोमवारी भेटतो?

दुसरं घर मला फार आवडलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली सफरचंदाचं झाड होतं. मी फोनवरून बाबांना सगळं सांगितलं. त्यांचे प्रश्न ठरलेले. "दार कुटं बघतंय? सकाळचं ऊन आत येतंय काय? शेजारी मानसं कशी हाईत?" मी म्हटलं, बाबा, ऊन इथं रजेवर असतं आणि शेजारी दिसतच नाहीत. या वेळी त्यांनी सोमवारची वाट न बघता गुरवाला लगेच गाठलं. कौल डावा आला. मी म्हटलं, झालं, आता मी हे घर घेणारच. नवरा म्हणाला, "पाण्यात उतरताना गाईड नाही म्हणाला की नाही. तिथं वाद घालायचा नसतो." दोन दिवस मी त्याच्याशी नीट बोलले नाही. पण शब्द दिला होता. घर सोडलं.

त्या दिवसांत मला गावची आठवण यायची ती वेळीअवेळी. इंजेक्शन भरता भरता एकदम बाबांच्या अंगणातला शेणाचा ओला वास नाकात यायचा आणि हात थांबायचा. आपलं एवढं मोठं घर तिथं, माळ्यावर भात, मागच्या दारी फणस, आणि आपण इथं चार भिंतींसाठी रांगेत उभे. कशासाठी? याचं उत्तर माझ्याकडं होतं, पगाराच्या दिवशी ते पटायचंही. बाकीच्या दिवशी नाही. मुलगी विचारायची, "आज्जा आत्ता काय करतोय?" मी घड्याळ बघून सांगायचे: गुरं बांधत असेल, जेवत असेल, निजला असेल. तिला ते रोज ऐकायचं असायचं. खरं म्हणजे मलाही रोज सांगायचं असायचं.

खोली सोडायला चार-पाच दिवस उरले तेव्हा तिसरं घर आलं. गावाच्या टोकाला, एका बंद पडलेल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, भिंतीला ओल, पण खोल्या दोन आणि भाडं आम्हाला झेपेल असं. मालक एक म्हातारा शेतकरी. अंगाला मेंढ्यांचा वास येत होता, आणि त्या वासानंच मला जरा बरं वाटलं. त्यानं पत्र मागितलं नाही. पोरांकडं बघितलं, जिना दाखवला, आणि म्हणाला, उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो.

मी बाबांना फोन लावला. नशीब, ते टेकाडावरच होते. मी म्हटलं, हे शेवटचं. हे गेलं तर पोरं तिकडं येतात. त्यांनी खोल्या किती एवढंच विचारलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी लावतो कौल."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा मी पोरांचे कपडे बॅगेत भरत होते. खरंच भरत होते. नवरा विमानाची तिकिटं बघत होता. बाबा एवढंच म्हणाले, "उजवा दिला. घ्या घर." मी त्यांना काही बोलायच्या आत फोन बंद. मी जमिनीवर बसून रडले. मुलगा माझ्या डोक्यावर टॉवेल टाकून हसत राहिला.

त्या घरात आम्ही राहिलो. अजून राहतो. नवऱ्याला गोदामात काम लागलं. तिथं नदी नाही, पण तो म्हणतो पावसात ट्रक मागं घेणं जवळपास तसंच. ओलीनं भिंतीचा रंग पोपडे धरतो. मालक मधूनच बटाटे आणून जिन्यात ठेवतो. पोरं आता तिकडच्या भाषेत भांडतात आणि आमच्या भाषेत रडतात. ते मात्र अजून बदललेलं नाही.

दोन पावसाळ्यांनंतर, यंदा माघात, आम्ही चौघं गावी आलो. उळवीच्या जत्रेचे दिवस. सगळ्या गाड्या भरलेल्या, जोयड्यापासून जीपच्या मागं लोंबकळत आलो. बाबा थांब्यावर होते. वाळले होते. मुलगा त्यांना ओळखेल की नाही ही मला धास्ती होती. तो गाडीतून उतरला, त्यांच्या हाताचा वास घेतला आणि त्यांच्या धोतराला चिकटून उभा राहिला. मी दुसरीकडं बघत बॅगा मोजायला लागले.

घर मिळालं तर नारळ वाढवीन, असं बाबा देवाला बोलले असतील म्हणून दुसऱ्या दिवशी मीच नारळ घेऊन देवळात गेले. गुरवमामा झाडत होते. मी म्हटलं, मामा, तुमच्या कौलानं घर लागलं बघा. ते म्हणाले, "कंचं? त्ये पयलं?"

"नाही, शेवटचं. दुकानाच्या वरचं."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "त्येला तर डावा आला हुता, बाय. बाबानं सांगितलं न्हाई? दोनदा लावला. दोन्ही येळला डावा."

मी नारळ तसाच घेऊन घरी आले. बाबा मागच्या दारी पोरांना कंद भाजून देत होते. पोरं लांब जाईपर्यंत मी थांबले आणि मग विचारलं. देवाच्या नावानं खोटं बोललात? तुम्ही? माझा आवाज चढला होता. कशाचा राग आला होता ते मला तेव्हा कळलं नाही.

बाबा निखारे सारखे करत राहिले. म्हणाले, "गुरवानं इचारलं घराचं. तोंडानं म्या पन घराचंच इचारलं. पर मनात माझ्या दुसरंच हुतं. मन म्हनत हुतं, पोरं माघारी येऊंदेत. डावा आला तर येतील. देव काय तोंडाकडं बघतोय व्हय? त्यानं माझं मन ऐकलं आनि मला पायजे तेच दिलं. त्यो कौल तुमच्या घराला न्हवता बाय, माझ्या हावरेपनाला हुता. त्यो मी तुला कसा सांगनार?"

मी त्यांच्याशेजारी बसले. त्या सकाळी त्यांनी खरं सांगितलं असतं तर पोरं आठवड्याभरात या चुलीपाशी असती. खोटंही बोलावं लागलं नसतं. फक्त देवानं दिलेलं सांगायचं होतं. आणि हा माणूस टेकाड चढून गेला आणि उजवा म्हणाला.

मग मला एकदम दुसरं आठवलं. मी विचारलं, "आणि आम्ही इथून निघालो तेव्हाचा? तो तरी उजवा आला होता ना?"

"त्यो लावलाच न्हाई," बाबा म्हणाले.

"का?"

"डावा आला असता तर तुला आडवावं लागलं असतं. तुझं तर सगळं मन तिकडं लागलेलं." त्यांनी एक कंद राखेतून काढला, फुंकला, सोलला आणि माझ्या हातावर ठेवला. मी लहान असताना ठेवायचे तसाच. "खा. गार हुतंय."

मी खाल्लं.

रजा संपली. निघायच्या सकाळी आम्ही देवळावरून जीपकडं चाललो होतो. मुलगी बाबांचं बोट सोडायला तयार नव्हती. मधेच थांबून तिनं त्यांना विचारलं, "आज्जा, आम्ही परत राहायला कधी येणार? कायमचं?" गुरवमामा देवळाच्या पायरीवर फुलं निवडत बसले होते, त्यांनी ते ऐकलं. हसून मला म्हणाले, "येळ हाय न्हवं अजून जीपला? लावू काय कौल? पोरीला उत्तर तरी मिळंल."

पाकळी पडते ती पाणी सुकतं म्हणून. हे मला माहीत आहे. मी नर्स आहे.

"नको मामा," मी म्हटलं, आणि इतक्या घाईनं म्हटलं की नवरा माझ्याकडं बघायला लागला. "नको. नका लावू."

बाबांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "चल, जीप सुटंल."