‘सर्व सुरळीत’ ही हिरवी पाटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — घरी नाही, शाळेतही नाही. क्रमाने सांगतो, क्रम सुटला की मला पळवाट सापडते.

मी आष्टीत संगणक शिकवतो. आईबाप ऊसतोडीला गेले तरी मुलांची शाळा सुटू नये, म्हणून इथे हंगामी वसतिगृह असते. त्याच्या नावनोंदणीची जावा वेब-प्रणाली मी लिहिली होती. वर्गात एक नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : सुरू होताना डेटाबेस — माहिती कायमची साठवणारा भाग — जोडला गेला नाही, तर प्रणालीने थांबावे आणि कारण सांगावे. सौम्य शब्दांत — पण सांगावे.

मी स्वतः काय केले? उद्घाटनाला पुढारी येणार होते. त्यांच्यासमोर पडद्यावर लाल अक्षरे उमटली तर? त्या भीतीने मी चार ओळी लिहिल्या. डेटाबेस मिळाला नाही, तर नावे तात्पुरती मेमरीत ठेवायची आणि वर हिरवी पाटी दाखवायची : ‘सर्व सुरळीत’. समारंभ छान झाला. त्या ओळी काढायच्या राहिल्या — राहिल्या? मी काढल्या नाहीत.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी वीज गेली, आली. डेटाबेस सुरू झालाच नाही. हिरवी पाटी मात्र झळकली. नोंदणीवर बसणाऱ्या मंगलताईंनी दिवसभर नावे भरली.

“लागलं न्हवं नाव, ताई?” एक आई पुन्हा पुन्हा विचारत होती.

“हिरवं आलंय बघा, मावशी. जा बिनघोर.”

संध्याकाळी संगणक बंद झाला आणि त्या दिवसाची सगळी नावे पुसली गेली. यादीत नाव नाही, मुदत संपलेली — त्या मावशींची मुलगी दप्तरासकट ट्रकमध्ये चढली आणि माजलगावच्या फडावर गेली.

चौकशीला आलेले साहेब हसले. “कम्प्युटर खोटं बोलतंय का बाई? गप्पा हाणत बसला असाल.”

मंगलताईंनी माझ्याकडे पाहिले. “सर, मी भरलती हो नावं. तुमी तरी सांगा.”

नावे कशामुळे पुसली गेली, ते मला आदल्याच दिवशी सापडले होते. मी चष्मा पुसला आणि म्हणालो, “प्रणालीत दोष दिसत नाही.”

त्यांचे काम गेले. त्या चार ओळी मी त्याच दिवशी काढून टाकल्या — कोणाला न सांगता.

परवा मंगलताई बाजारात भेटल्या. धाकटीला माझ्या वर्गात घालायचे म्हणाल्या. “तुमी लई नीट शिकवता, सर.”

मी हो म्हणालो.