चराला लावलेले टेकू

…तर काल आपण चरापाशी थांबलो होतो. चर कसला, माणूस उभा बुडेल एवढा खोल. खणणारा आमचा दोस्त, जंगलखात्याच्या रोपवाटिकेतला माळी. सगळे त्याला उकऱ्या म्हणत, बायकोसुद्धा. हाक मारली की गडी मातीतूनच ओ द्यायचा.

त्या जंगलाच्या पोटात बुरशी होती. वर दिसायच्या त्या खोडाच्या बुडाशी मधाच्या रंगाच्या छत्र्या, त्याही चार दिवस. खरा जीव खाली. बुटाच्या नाड्यांसारख्या काळ्या दोऱ्या या मुळावरून त्या मुळावर जायच्या आणि झाड उभ्या उभ्या वाळायचं. अख्खा डोंगर व्यापणारा हा एकच जीव आहे, असं खात्याच्या साहेबांनी सांगितलं, तर उकऱ्या म्हणतो कसा, मग त्याला घरपट्टी लावा.

उतारावरची राई मात्र या नवराबायकोने लावलेली. लग्नाच्या वर्षी पहिली ओळ, मग दरसाल एक. मूलबाळ नव्हतं. वहिनी ओळींनाच थोरली, मधली, शेंडेफळ म्हणायची. नाड्या तिकडे पोचू नयेत म्हणून हा चर. पण कडा ढासळायला लागल्या, तेव्हा उकऱ्याने वाळलेल्या झाडांचेच ओंडके या काठापासून त्या काठापर्यंत टेकू म्हणून ठोकले. फुकटचं लाकूड वाया का घालवा? खातं खूश. मीही त्याची पाठ थोपटली.

काही वर्षांनी थोरलीचे शेंडे पिवळे पडले. उकऱ्याने एक टेकू उपटून साल सोलली. आत पांढरी साय, आणि काळ्या नाड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बुरशीला पूल यानेच बांधून दिला होता.

तो चरातच बसून राहिला. हाका मारल्या, ओ नाही. वहिनी एरवी टोमण्याशिवाय तोंड न उघडणारी. त्या दिवशी पदर खोचून खाली उतरली आणि नुसती शेजारी बसली.

सकाळी बघतो तर दोघं नव्या चराची दोरी आखतायत, मधलीच्याही पलीकडून. थोरलीपासून मधलीपर्यंतच्या सगळ्या ओळी बुरशीला सोडलेल्या. वहिनीच्या हातातली दोरी सैल पडली. तिने विचारलं, "एवढ्याने तरी थांबेल का हो ती?"

उकऱ्या म्हणाला, "नाही थांबणार. पण शेंडेफळापाशी पोचेल तेव्हा बघायला आपण नसू. तू दोरी ताठ धर."