'कुठून गेला' बाई

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मानपाड्याच्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंचा पुलाचा तास बंद पडला, तो माझ्यामुळे.

मुलं त्यांना 'कुठून गेला' बाई म्हणायची. वर्गात काही मोडलं, फाटलं, की आम्ही बाकीचे शिक्षक "कोणी केलं?" म्हणून ओरडायचो. बाई चष्मा कपाळावर सारून वाकायच्या आणि विचारायच्या, "कुठून गेलं रे?" 'कोणी' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलाच नव्हता.

शनिवारी शेवटचा तास पुलाचा. रद्दीच्या सुरळ्या, दोरा आणि कोणीतरी घरून आणलेली खळ. दोन बाकांमध्ये हातभर फट ठेवून त्यावर पूल बांधायचा आणि कोसळेपर्यंत त्यावर कंपासपेट्या ठेवत जायचं. बाई हात पाठीमागे बांधून नुसत्या फिरायच्या.

"बाई, सांगा ना, कुठे जोडू?"

"मला काय विचारतोस? पुलाला विचार."

पूल कोसळला की एकच गिल्ला. "मधूनच गेला, बाई!" "मधून नाय, तुझ्या बाजूने गेला. खळ लावलेलीस का चाटलेलीस?"

पडलेले पूल बाई फेकू देत नसत. कपाटावर ओळीने मांडायच्या. मी गणिताचा मास्तर. "बाई, भंगारवाल्याला बोलवू का?" असं चिडवायचो. त्या म्हणायच्या, "सर, तुमच्याकडे चुकलेलं पुसतात. आमच्याकडे जपतात."

एकदा संस्थेची मंडळी शाळा बघायला येणार होती. पर्यवेक्षकाची जागा रिकामी होती, आणि त्या दिवसाची व्यवस्था माझ्याकडे. पाहुण्यांसमोर पूल पडला तर आपली शोभा होईल, एवढंच माझ्या डोक्यात. सकाळी लवकर येऊन मी, मुलांनी आदल्या दिवशी बांधून ठेवलेल्या पुलाच्या सुरळ्यांत लोखंडी तारा सरकवल्या.

पूल पडेचना. कंपासपेट्या संपल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलं मात्र गोंधळून बघत राहिली. बाईंनी पूल उचलला, हातात तोलला आणि एक सुरळी फाडली. त्या गप्प राहिल्या असत्या तर सगळं निभावलं असतं. पण त्या म्हणाल्या, "हा पूल कागदाचा नाही." मग मुलांकडे वळून, "कोणी केलं?"

पहिल्यांदाच. पूल बांधणारी चार मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकीला रडू फुटलं. मी बाजूलाच उभा होतो, पाहुण्यांचा गुच्छ हातात धरून.

"मुलांना फसवाफसवी शिकवता का?" म्हणत संस्थेने तो तास बंद केला. त्या चौघांना शाळा सोडेपर्यंत सगळे 'तारवाले' म्हणायचे. मी पर्यवेक्षक झालो. बाई पुस्तकातला पूल फळ्यावर काढून शिकवू लागल्या. कपाटावरचे पूल त्यांनी शिपायाला काढायला सांगितले.

निवृत्तीच्या समारंभात त्या थोडंच बोलल्या. "एवढ्या वर्षांत मी एकदाच 'कोणी' असं विचारलं. विचारायला नको होतं. त्या चार मुलांची मी माफी मागते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाई आता कल्याणला भावाकडे असतात, रिक्षाने अर्ध्या तासावर. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, 'मी'. ते त्यांच्यासमोर आणि त्या चौघांसमोर उभं राहून मला द्यायचं आहे. अजून दिलेलं नाही.