फिनिक्सची हवा

आल्बर्ट तुस्कानोने अमेरिकेत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण तिथल्या हवेबद्दल तो असा बोलायचा, जणू रोज सकाळी तिथेच फिरायला जातो. दोह्यात, अल सद्द भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये चहा पिता पिता तो मोबाइलवर मिनियापोलिसचा बर्फ बघायचा, सिएटलचा पाऊस बघायचा, फ्लोरिडाकडे एखादं वादळ सरकतंय का ते बघायचा आणि मग बायकोला सगळ्या बातम्या द्यायचा. फिलोमिना ‘हं’ म्हणायची. लग्न झाल्यापासून ऐकून घेत आलेल्या बाईचं ते ‘हं’ होतं.

हे वेड काही उगाच लागलेलं नव्हतं. आल्बर्टची नोकरी संपत आली होती. कतारमध्ये आयुष्य घालवा, पोरं वाढवा, केस पांढरे करा; नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला आणि खलास. वसईला फ्लॅट होता, पण तो वर्षानुवर्षं बंद. शेजारी आता कोण राहतं, तेही ठाऊक नव्हतं. एकुलता एक मुलगा रॉयस्टन शिकागोत शिकून तिकडेच नोकरी शोधत होता. उरलेले दिवस पोराजवळ काढायचे, हे नवराबायकोने मनोमन ठरवून टाकलं होतं. पोराला मात्र कुणी विचारलं नव्हतं. बापाने मुलाकडे आसरा मागायचा तरी कसा? त्यापेक्षा हवेबद्दल बोलणं सोपं.

तुलना मात्र त्याने कसून केली होती, हे मान्य करावं लागेल. मिनियापोलिसला घरं स्वस्त, इस्पितळं चांगली, माणसं भली. पण हिवाळा असा की नाकातला श्वास गोठावा, आणि फिलोमिनाचे गुडघे तर मॉलमधल्या एसीतसुद्धा कुरकुरायचे. सिएटलला थंडी बेताची, पण महिनोन् महिने आभाळ काळवंडलेलं आणि घरांचे भाव ऐकूनच ताप यावा असे. फ्लोरिडाला वसईसारखा घाम, वर वादळं. राहता राहिलं फिनिक्स. कोरडी हवा, बैठी घरं, जिने चढायला नकोत. उन्हाळा कडक म्हणे. पण दोह्यात राहिलेल्याला उन्हाची भीती कुणी घालावी? इथल्या समुद्राची ती चिकचिक तर तिथे नावालाही नव्हती. शेवटी फिनिक्सवर शिक्कामोर्तब झालं.

एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून दोघं घरी आली आणि रॉयस्टनचा फोन आला. दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक मिनियापोलिसला आणि एक चक्क फिनिक्सला. देवाचीच योजना, असं आल्बर्टला वाटलं. रॉयस्टनला मराठी सगळं समजायचं, बोलायचा मात्र इंग्रजीत. त्याचं मन मिनियापोलिसवर बसलं होतं. तिथे तळी आहेत, मित्र आहेत, आणि कंपनी पहिल्या महिन्यापासून ग्रीनकार्डचं काम सुरू करणार आहे, म्हणाला. फिनिक्सवाले म्हणतात, दोन-तीन वर्षांनी बघू.

“ग्रीनकार्ड काय, होईल रे,” आल्बर्ट म्हणाला. “हवा बघ आधी. तू फिनिक्स घे.”

“बट व्हाय, डॅडी?”

“बापाचं ऐक.”

रॉयस्टन म्हणाला, “ओके, डॅडी.” पोर गुणी होतं, हेच वाईट झालं.

आल्बर्टचे पाय जमिनीला लागेनात. ऑफिसचा ड्रायव्हर दिलावर विचारायचा, “तुस्कानो साब, रिटायर होके किधर?” आणि हा छाती फुगवून सांगायचा, “इन्शाल्ला, बेटे के पास.” फिलोमिनाने आपले दोन्ही स्वेटर शेजारच्या नयनाला देऊन टाकले.

कागदपत्रांची तर त्याला फिकीरच नव्हती. ऑफिसात तो व्हिसाचाच माणूस. सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवण्यात त्याची उमर गेली होती. इथला नियम त्याला पाठ होता: नोकरी हवी, ठरल्याएवढा पगार हवा, राहायला घर हवं, मग आणा तुमचं कुटुंब. कितीतरी जणांच्या बायकापोरांना त्याने असं कतारात आणलं होतं, स्वतःच्या धरून. अमेरिका म्हणजे जरा मोठं कतार, असं त्याने गृहीत धरलं. कुणाला विचारावं, असं मनातही आलं नाही. विचारायला लोक त्याच्याकडे यायचे.

रॉयस्टन फिनिक्सला रुळला-न रुळला, तोच ऑफिसने आल्बर्टच्या हातात नोकरीची शेवटची तारीख ठेवली. त्या संध्याकाळी त्याने फोन लावला आणि ऑफिसच्याच सुरात सांगितलं, “हे बघ, कंपनीकडून पगाराचा दाखला घे, घराचा करार जोड आणि आमचा फॅमिली व्हिसा टाकून दे. बाकी मी सांगतो.”

रॉयस्टनने त्याला तिथेच थांबवलं.

“डॅडी, इट डझन्ट वर्क लाइक दॅट.”

“पगार तर चांगला आहे ना तुझा?”

“पगाराचं काही नाही, डॅडी.” रॉयस्टन चक्क मराठीत बोलला, अडखळत.

मग त्याने समजावून सांगितलं. आईबापांना कायमचं आणायचं तर मुलगा तिथला नागरिक हवा. त्याच्या आधी ग्रीनकार्ड, आणि भारतीयांची रांग कैक वर्षांची. त्या रांगेत उभं राहायचं तरी आधी कंपनीने काम सुरू करायला हवं. फिनिक्सवाल्यांनी ते केलंच नव्हतं.

“डॅडी, म्हणून फिनिक्स?”

आल्बर्टला ‘नाही रे’ म्हणायचं होतं. पण ‘मम्मीचे गुडघे...’ एवढंच तो म्हणाला.

“मला सांगायचं ना,” रॉयस्टन म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. “व्हिजिटला या. सहा महिने मिळतात. पण समरमध्ये नको. मम्मी घराबाहेर पडू शकणार नाही. मीपण नाही पडत.”

आल्बर्टने फोन ठेवला. पोराची तळी गेली, मित्र गेले, रांगेतली जागा गेली, आणि हे सगळं बापाने स्वतः, मोठ्या हौसेने केलं होतं. इतकी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

फिलोमिना हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. “काय म्हणतो? कशी आहे तिथली हवा?”

“हवेचं विचारायचं राहिलं,” आल्बर्ट म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. या वेळी ती ‘हं’ म्हणाली नाही. खुर्ची ओढून, गुडघ्यांवर हात टेकून हळूच बसली.

“वसईची किल्ली,” तिने विचारलं, “तुझ्याकडे आहे की माझ्याकडे?”