मावशीची गाठ

शी! बाळंतपणाच्या त्या टेबलाचं नावही काढू नका. फाटलेलं रेक्झिन, त्यातून डोकावणारा ओला फोम आणि दोन्ही बाजूंना पाय बांधायचे पट्टे. कितीही फिनेल ओता, वास जात नाही. त्यावर बाईला उताणं पाडायचं, पाय वर टांगायचे आणि वर ओरडायचं, "जोर लाव!" का? तर मोठ्या डॉक्टरांची कंबर दुखते, त्यांना वाकता येत नाही. कळा बाईला आणि लाड डॉक्टरांच्या कमरेचे!

पट्टे बांधायचं काम मावशीचं. ही आमच्या प्रसूतिकक्षातली आया. सव्वीस वर्षं नोकरी, तोंडात सदा लवंग. "माझी गाठ आजवर एकीलाही सोडवता आली नाही," असं छाती फुगवून सांगायची. एखादी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मावशी, जरा उठून बसू द्या," की हिचं ठरलेलं, "मजा मारताना नाही आठवलं?" ऐकून किळस यायची. आणि मी, चांगली शिकलेली नर्स, मूग गिळून बसायचे. त्याची जास्त यायची.

मग एका सकाळी तिची स्वतःची लेक आली. पहिलटकरीण. वाटलं, आपला तो बाब्या, हिचा तरी पट्टा सैल बांधेल. छे! उलट दुहेरी गाठ मारली. "आईच्या ड्युटीत लेकीचा तमाशा नको," म्हणाली.

अकरा वाजले, बारा वाजले. बाळाचं डोकं दिसायचं आणि पुन्हा आत जायचं. पोरगी ओरडत होती, "आई, मला पालथं होऊ दे गं, असं नाही जमत!" मावशी तिचा घाम पुसत म्हणत होती, "झालंच, झालंच." मी बाळाचे ठोके ऐकले. एकशेचाळीसचे ऐंशी झाले आणि वर चढेचनात. डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये अडकलेले.

"मावशी, सोडा तिला! बाळ हातचं जाईल!"

मावशी गाठीला भिडली. पट्टा भिजून आवळला होता. नखं लावली, मग दात लावले. त्या घाणेरड्या पट्ट्याला दात! शेवटी मीच दोन्ही पट्टे कात्रीने कापले.

पोरगी खाली उतरली, फरशीवर गुडघे टेकले, आईच्या गळ्यात हात टाकून पुढे झुकली. तिसऱ्या कळेला बाळ माझ्या हातात आलं. निळसर होतं, मग रडलं. तेवढ्यात डॉक्टर आले. पहिलं वाक्य काय? "फरशीवर? काय घाणेरडा प्रकार आहे हा!"

मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं. मला म्हणाली, "सिस्टर, मागच्या महिन्यात जिचं बाळ गेलं, तीही पालथं होऊ द्या म्हणत होती ना?"

मी बाळाची नाळ बांधायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नवे पट्टे आले. मावशीने हातही लावला नाही. "डॉक्टर, हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही," म्हणाली. तिला तिथल्या तिथे धुण्याच्या खोलीत धाडलं.

टेबलावर नवी बाई होती. "सिस्टर, जरा उठू द्या ना हो," म्हणत होती. डॉक्टर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभे होते.

मी पट्टे उचलले आणि बांधले. गाठ चांगली बसली.