मी न काढलेली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मावशीला नाही, आणि ज्यांनी मला हातात काम दिलं त्या हरीशभाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असता तर विश्वासच ठेवला नसता — मी घाबरट आहे, सगळे तेच म्हणतात.

वाशिमकडून आले तेव्हा माझी शाळा नववीतच सुटलेली. राहायला बदलापूरला मावशीकडे, कामाला उल्हासनगर कॅम्प एकला. हरीशभाई तिथल्या फर्निचरवाल्यांच्या, जीन्सवाल्यांच्या वेबसाइट बनवायचे. मला फोटो चढवायला ठेवलं आणि हळूहळू सगळं शिकवलं. "बेटा, कॉम्प्युटर दाखला नाही मागत," म्हणायचे. डब्यातली अर्धी कोकी, ती सिंध्यांची जाड कांदा घातलेली पोळी, रोज माझ्यापुढे सरकवायचे. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. म्हणून तर जीभ अडखळते.

अंबरनाथला, मोरिवलीजवळ, प्रधानसाहेबांचा रबरी वायसरांचा कारखाना. भावाशी फाटलं, भावाने तोच धंदा वेगळा काढला, यांनी कंपनीचं नाव बदललं, म्हणून वेबसाइट जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर न्यायची होती. काम माझ्याकडे आलं, आणि ते साहेबांना कळलं.

"हरीशभाई, ही? नववी नापास पोरगी माझा धंदा हलवणार? हिला चहा टाकू द्या, तेवढं जमेल."

मी नापास नव्हते. शाळा सुटली होती — पण हा फरक कुणाला सांगायचा? हरीशभाईसुद्धा हसले. गिऱ्हाईक होतं ना. मी चहा टाकला, आलं घालून.

आता काय केलं ते सांगते. नवी वेबसाइट अर्धवट असते तेव्हा आम्ही तिच्यात एक ओळ घालून ठेवतो — सर्च इंजिनने हे पान नोंदवू नये, अशी. काम पुरं झालं की ती काढायची आणि मग जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्याकडे वळवायचं. मी वळवलं. ओळ काढली नाही. विसरले? नाही हो. बोट त्या ओळीवर ठेवून बसले होते.

सर्च इंजिन जुन्या दारावर गेलं की त्याला कळायचं, मंडळी नव्या घरी गेली. नव्या घरी गेलं की दारावरच पाटी — आमचं नाव लिहू नका. म्हणजे जुनं नाव हळूहळू पुसलं जाणार आणि नवं कधी चढणारच नाही. साहेब मात्र रोज स्वतः पत्ता टाकून बघणार, वेबसाइट झोकात उघडणार. हरीशभाई? माझ्या कामावर ते दुसऱ्यांदा नजर टाकत नसत. इतका विश्वास.

नव्या गिऱ्हाइकांचे फोन आटत गेले. मी आपणहून सर्च करून बघायचे — प्रधान कुठेच नाहीत, वर त्यांचा भाऊ. काय सुख होतं ते! खोटं कशाला बोलू, आज आठवलं तरी गोड लागतं.

पण कारखान्यात फोन घ्यायला शुभांगीताई होत्या. मोरिवलीच्याच, नवरा घरी बसलेला, दोन मुली. साहेबांना वाटलं, ताई चौकशा परस्पर भावाकडे पाठवतात. ताई एकदा आमच्या ऑफिसात आल्या, घामाघूम.

"अगं, फोनच येत नाहीत गं. साहेब माझ्यावर संशय घेतायत. तू बघ ना बाई, काही बिघडलंय का?"

मी बघितलं. ती ओळ समोर होती — माझ्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे, एकाच स्क्रीनवर. त्यांना ती वाचता येत नव्हती.

"सगळं बरोबर आहे, ताई," मी म्हटलं.

का म्हटलं? पकडले जाईन म्हणून? की साहेबांना अजून थोडं भोगू दे म्हणून? दोन्ही. दुसरं जास्त.

ताईंना काढलं. कारखान्याच्या फाटकात, सगळ्यांसमोर पर्स उघडायला लावून. हे मला कळलं तेव्हा मी घाईघाईने ती ओळ काढली. मला वाटलं, निदान एवढं तरी नीट होईल. काही आठवड्यांनी नवं नाव सर्चमध्ये वर आलं. फोन पुन्हा वाजू लागले.

प्रधानसाहेब पेढे घेऊन आले.

"बघा हरीशभाई, ती बाई गेली आणि धंदा सुरू झाला. मी म्हणत नव्हतो? चोर घरातच होता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, बरोबर ना?"

हरीशभाई माझ्याकडे बघत होते.

मी मान हलवली. हो म्हणून.