टेबलाची डावी बाजू

साहेबांनी माझ्या ऑपरेशनांच्या नोंदींचं लॉगबुक उघडलं, लाल पेन काढलं आणि 'स्वतः केले' या रकान्यातली माझी खूण खोडली. शेजारच्या रकान्यात नवी केली. 'मदत केली.' पान उलटलं. तिथेही तेच. सहा महिन्यांची पानं त्यांनी सगळ्यांदेखत, कॉफीचे घोट घेत नासवली.

"यू असिस्टेड, डिअर."

गोरा ज्युनियर खिदळला. त्याच्या बुकावर साहेबांनी न वाचताच सही ठोकली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. इंग्लंडच्या मिडलंड्समधलं एक हॉस्पिटल. मी तिथे सर्जरीची रजिस्ट्रार, म्हणजे साहेबांच्या हाताखाली शिकणारी सर्जन. त्या खुणा मोजूनच पुढचं ट्रेनिंग मिळणार होतं, आणि ट्रेनिंगशिवाय सर्जन म्हणून मान्यता नव्हती. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, सगळं मी कापत होते. मी सुरी टेकवली की साहेब कॉफीरूम गाठायचे.

मी गप्प बसले. सांगायला आजही लाज वाटते. माझे वडील तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशनची हत्यारं उकळायचे. डॉक्टर त्यांना 'ए' म्हणायचे, ते 'जी साहेब' म्हणायचे. ते 'जी' माझ्याही जिभेवर होतं.

मग एका म्हाताऱ्याची हर्नियाची जखम चिघळली. त्याच्या मुलीनं तक्रार केली. साहेबांच्या उत्तराची प्रत मला मिळाली. 'हे ऑपरेशन आमच्या परदेशी रजिस्ट्रारने एकटीने केले.'

मी लॉगबुक काढलं. तोच पेशंट. तीच तारीख. लाल खूण. मदत केली.

बरा झाला तर त्यांचा. चिघळला तर माझा. माझं डोकं फिरलं.

पुढच्या मंगळवारी पहिला पेशंट अजून भुलीच्या खोलीत जागा होता. ऑपरेशन करणारा टेबलाच्या उजवीकडे उभा राहतो, मदतनीस डावीकडे. मी डावीकडे जाऊन उभी राहिले.

"कॅरी ऑन," साहेब दाराकडे वळत म्हणाले.

"आय ओन्ली असिस्ट, सर. यू रोट इट."

लॉगबुक उघडून समोर धरलं. थिएटर सिस्टरनं मान खाली घातली. साहेबांचे कान लाल झाले.

"यू आर फिनिश्ड हिअर."

आणि ते हात धुवायला गेले. त्या दिवशीची सगळी ऑपरेशनं त्यांना करावी लागली. मी डावीकडून जखमेच्या कडा ओढून धरल्या. 'जी' म्हटलं नाही.

माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. शिफारसपत्रात लिहिलं, 'सहकार्याचा अभाव.' त्या सहा महिन्यांची एकही खूण मला परत मिळाली नाही.

पुढच्या हॉस्पिटलात पहिल्याच सकाळी नव्या साहेबांपुढे मी ती लाल पानं उघडी ठेवली. म्हटलं, ज्याचं काम, त्याचंच नाव. आणि लॉगबुकावर सही, पेशंट थिएटरबाहेर जायच्या आत. ती मिळणार नसेल तर आत्ताच सांगा. मी डावीकडे उभी राहते, उजवीकडे तुम्ही या.